टेबलाची केबल सोडा, पण छताची सोडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वर्धा रोडला तीन मजल्यांचं नवीन ऑफिस तयार होऊन राहिलंय, एकेका मजल्यावर साधारण चार हजार स्क्वेअर फूट, एकूण १२० माणसं बसणार, आणि इंटिरिअरवाला म्हणतो आता सगळे लॅपटॉपवालेच आहेत तर लॅनचं वायरिंग काहून करता, ते पैसे वाचवा आणि पूर्ण बिल्डिंग वाय-फायवर चालवा. हे करावं की नाही.

भाऊ, मी नागपुरात १८ वर्षं झाली हेच काम करून राहिलो. इतवारीतल्या दुकानांमध्ये केबल ओढण्यापासून सुरुवात केली आणि आता ऑफिसं, हॉस्पिटलं, कारखाने सगळीकडे नेटवर्क लावतो. तर सरळ सांगतो, माणसांना वाय-फायवर बसवा, बिनधास्त बसवा, चालतं. पण बिल्डिंग वाय-फायवर चालवायची असेल तर बिल्डिंगच्या आत वायर लागतेच, आणि ती नेहमीपेक्षा जास्त नीट लागते. टेबलाखालची केबल निघून छतावर जाते, एवढाच फरक आहे. इंटिरिअरवाल्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं ऐकलं तर सहा महिन्यांत फॉल्स सीलिंग फोडायची वेळ येते, मी ती दोनदा पाहिलीय.

काहून ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसतं यादीसारखं वाटेल. स्विचवर, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात त्या डब्यावर, प्रत्येक टेबलाला स्वतःची वायर असते, त्या वायरवर येणं-जाणं एकाच वेळी चालतं आणि शेजारच्याशी काही देणंघेणं नसतं. वाय-फायचं तसं नाहीये, एका चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एका ठरलेल्या पट्टीवर, एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकी सगळ्यांनी ऐकत थांबायचं. ग्रामसभेत एकच माईक असावा तसं समजा. चाळीस माणसं असली तरी चटचट बोलून माईक पुढे देणारी असतील तर सभा मस्त चालते, पण एखादा कोपऱ्यात बसलाय, त्याला नीट ऐकू येत नाही, प्रत्येक वाक्य तीनदा सांगावं लागतं, तो एकटा सगळ्यांचा वेळ खातो. वाय-फायमध्ये तो कोपऱ्यातला माणूस म्हणजे दोन भिंतींपलीकडचा लॅपटॉप किंवा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालणारं जुनं हजेरीचं मशीन. म्हणून पूर्ण फुल्ल रेंज दिसूनही नेट स्लो अशी तक्रार येते, रेंज असते पण पाळी येत नाही.

आता आकडे बघू. बॉक्सवर हजारोंचे आकडे छापलेले असतात, ते विसरा. वाय-फाय ६ चा साधा दोन अँटेनाचा लॅपटॉप ४० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर जास्तीत जास्त ५७४ एमबीपीएसला जोडला जातो, आणि हातात त्यातले तीनशे-साडेतीनशे पडतात, तेही तो एकटाच असेल आणि एपीच्या, म्हणजे छतावर लागणाऱ्या वाय-फायच्या डब्याच्या (अॅक्सेस पॉइंट), जवळ असेल तर. तेवढ्यात १० माणसं, म्हणजे लॅपटॉप आणि मोबाईल धरून २० डिव्हाइस, आरामात राहतात. व्हिडिओ कॉलला माणशी दोन-चार एमबीपीएस लागतात, मेल आणि ब्राउजरला त्याहून कमी. म्हणून तुमच्या एका मजल्यावर ४० माणसांना चार एपी पुरतात. मी जो हिशोब धरतो तो कव्हरेजचा नाही, डोक्यांचा. एका एपीने चार हजार फूट कव्हर होतंय असं कोणी दाखवेल, मोबाईलवर रेंज पण येईल, आणि सोमवारी सकाळी साडेदहाला सगळे आले की बसेल. मीटिंग रूमचा हिशोब वेगळा करा, तिथे एकदम २५ लोक घुसतात, तिला स्वतःचा एपी द्या. म्हणजे तीन मजल्यांचे बारा आणि मोठ्या मीटिंग रूमचा एक, १३ झाले.

या १३ पैकी प्रत्येकाला केबल पाहिजे. इथेच तो मेशवाला माणूस येतो आणि म्हणतो केबलची गरज नाही, एपी एकमेकांशी हवेतूनच बोलतात. घरात चालतं ते, तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. ऑफिसमध्ये एकाच रेडिओवर लॅपटॉपचंही ऐकायचं आणि पुढच्या एपीलाही पाठवायचं म्हणजे तोच डेटा हवेत दोनदा जातो, स्पीड निम्म्यावर येतो, आणखी एक उडी लावली की आणखी खाली. माईक एकच आहे हे विसरू नका. आणि एपीला वीज तर लागणारच ना, मग छतात थ्री-पिनचा पॉइंट काढण्यापेक्षा एक लॅन केबल टाका, त्याच केबलमधून पीओईने वीजही जाते आणि डेटाही.

माझा नियम साधा आहे, जे हलतं ते हवेवर, जे एका जागी बसलंय ते वायरवर. लॅपटॉप, मोबाईल, टॅब हवेवर. कॅमेरे, प्रिंटर, हजेरीचं मशीन, मीटिंग रूमचा टीव्ही, अकाउंट्सचे डेस्कटॉप, सर्व्हर, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारं मशीन) हे सगळं वायरवर. कॅमेऱ्यांचं तर हात जोडून सांगतो. मजल्याला ८ धरले तरी २४ कॅमेरे, एकेक ४ एमबीपीएस, म्हणजे ९६ एमबीपीएस, तेही दिवसरात्र, एक सेकंद न थांबता. आणि कॅमेरे बसतात कुठे, तर जिन्यात, पार्किंगमध्ये, गेटवर, जिथे सिग्नल सगळ्यात कमजोर, म्हणजे सगळे कोपऱ्यातलेच वक्ते. सदरच्या एका ऑफिसमध्ये मालकाने स्वतःच वाय-फाय कॅमेरे आणून लावले होते आणि मला बोलावलं ते व्हिडिओ कॉल तुटतात म्हणून. आम्ही दोन दिवस लाइनवाल्याशी भांडलो, लाइन चांगलीच होती. तिसऱ्या दिवशी रात्री ऑफिस रिकामं असताना पाहिलं तर चॅनेल तेव्हाही अर्ध्याच्या वर भरलेलं. कॅमेरे वायरवर घेतले, दुसऱ्या दिवशी तक्रार बंद.

अकाउंट्सवाल्यांचंही तसंच. टॅलीचा डेटा एका मशीनवर आणि चार जण शेअरिंगवरून त्याच्यावर काम करून राहिले असतील, तर त्यांना वायर द्याच. ब्राउजरमध्ये एक सेकंद लाइन गेली तर कळतही नाही, पण उघड्या फाइलवर लिहिताना तोच एक सेकंद गेला तर महागात पडतो, तेही मार्च एंडला. मोठ्या फाइलींचं काम असेल, ड्रॉइंग, व्हिडिओ, तर त्यांनाही वायर. दोन जीबीची फाइल गिगाबिटच्या वायरवर वीस सेकंदाच्या आत जाते, वाय-फायवर एक मिनिट, आणि ते मिनिटभर बाकी सगळ्यांच्या वाट्याचंही खाते.

आता मोजा. एपीला मी प्रत्येकी दोन केबल टाकतो, एक चालू आणि एक राखीव, त्या २६. कॅमेरे २४, प्रिंटर ६, हजेरी ३, मीटिंग रूम ४, अकाउंट्स ८. एकूण ७१ पॉइंट. जुन्या पद्धतीने माणशी दोन पॉइंट केले असते तर नुसत्या टेबलांचेच २४० झाले असते. वाचतंय ना? भरपूर वाचतंय. पण शून्य नाही होत, आणि वाचलेल्यातला काही भाग छतावर चांगल्या केबलला आणि चांगल्या एपीला घाला.

केबलबद्दल एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण इथेच फसवणूक होते. एपीसाठी कॅट ६ए टाका, ती १०० मीटरपर्यंत १० गिगाबिट नेते, साधी कॅट ६ तेवढ्या स्पीडला ५५ मीटरपर्यंतच भरवशाची. आज गरज नाही हे मलाही कळतं, पण एपी पाच वर्षांनी बदलाल, केबल पंधरा वर्षं छतातच राहणार आहे. आणि केबल शुद्ध तांब्याची आहे का ते स्वतः बघा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल मिळते, वरचं कव्हर तेच, छपाई तशीच, भाव मात्र निम्म्याच्या आसपास. पीओईची वीज तिच्यातून गेली की ती जास्त तापते, लांब टोकाला व्होल्टेज पडतं आणि एपी मधूनच रीस्टार्ट होतो. ओळखायला सोपं आहे, एक तार सोला आणि ब्लेडने हलकीशी खरवडा. आतून लालसर राहिली तर तांबं, पांढरी चमक निघाली तर पूर्ण बंडल परत पाठवा. काम चालू असताना अधूनमधून कुठल्याही बॉक्समधली तार घेऊन हे करा, पहिला बॉक्स चांगलाच येतो.

आता नागपूरचं म्हणून जे आहे ते. रामदासपेठेतल्या एका ऑफिसमध्ये वरच्या मजल्यावर एप्रिलपासून रोज दुपारी नेट जायचं, दोन ते पाचच्या मध्ये, आणि संध्याकाळी आपोआप ठीक. आधीच्या माणसाने तीन एपी बदलले होते. मी गेलो तो मे महिना होता, बाहेर ४५ च्या वर. शिडी लावली, सीलिंगची टाइल उचलली आणि तोंडावर भट्टीची वाफ आली. एपी दिसायला नको म्हणून फॉल्स सीलिंगच्या वर ठेवले होते, वर दिवसभर तापलेला स्लॅब, मधे दीड फूट कोंडलेली हवा, एसी सगळा टाइलच्या खाली. एपीला हात लावला तर दोन सेकंद ठेवता येईना. यातले बरेच एपी ४० किंवा ५० डिग्रीपर्यंतच चालायला बनवलेले असतात, आणि ते ५० म्हणजे आजूबाजूच्या हवेचं तापमान. आम्ही काही नवीन घेतलं नाही, आहे तेच एपी टाइलच्या खाली, खोलीच्या बाजूला लावले, प्रॉब्लेम गेला. तुमचा तिसरा मजला थेट गच्चीखाली आहे, म्हणून आर्किटेक्ट कितीही म्हणाला की पांढरा डबा दिसतो, तरी एपी एसीच्या बाजूलाच ठेवा. तसाही टाइलच्या वर एसीचा पत्र्याचा डक्ट असतो, तो सिग्नल अडवतो ते वेगळंच.

कूलरचंही सांगतो. तुमच्याकडे सेंट्रल एसी असेल तर सोडून द्या, पण बऱ्याच ऑफिसांत मागच्या बाजूला, पॅन्ट्रीत, स्टोअरमध्ये कूलर लागतात. पत्र्याची बॉडी आणि आत पाण्याची टाकी, सिग्नलसाठी ती भिंतच. डिसेंबरात सर्व्हे, म्हणजे सिग्नलची मोजणी, करून सगळं हिरवं दाखवलं आणि मार्चमध्ये खिडक्यांवर कूलर चढले की त्या पट्ट्यातली माणसं ओरडायला लागतात. सर्व्हेला येणाऱ्याला आधीच सांगा की उन्हाळ्यात इथे काय काय येतं.

काचेचंही बघा. पश्चिमेकडची पूर्ण काच असेल आणि उष्णता परतवणारी फिल्म किंवा कोटिंगची काच लावली असेल तर त्यात धातूचा थर असतो, तो मोबाईलचा सिग्नलही बाहेरच अडवतो. मग आत कॉल लागत नाही, सगळे वाय-फाय कॉलिंगवर येतात, आणि तुमचं वाय-फाय म्हणजे लोकांचा फोनसुद्धा होऊन बसतो. हे आधी धरून चला. बॉसच्या केबिनलाही तीच काच असेल तर बाहेरच्या एपीवर भरवसा नको.

सर्व्हे म्हणजे मोबाईलवर अॅप उघडून एक चक्कर नव्हे. आम्ही एक एपी उंच स्टँडवर, जिथे बसणार आहे त्याच उंचीवर लावतो, बॅटरीवर चालू करतो आणि नकाशा घेऊन टेबलाटेबलाशी जाऊन आकडा लिहितो. बसायच्या प्रत्येक जागी उणे ६७ डीबीएम (सिग्नलची ताकद, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) किंवा त्याहून चांगलं आलं पाहिजे, कॉलसाठी त्याखाली नको. पार्टिशन उभी झाल्यावर करा, नुसत्या मोकळ्या हॉलमध्ये केलेला सर्व्हे पार्टिशन लागली की खोटा पडतो.

सेटिंगमध्ये लोक सगळ्यात जास्त चुका करतात त्या दोन. एक, पॉवर फुल्ल ठेवतात. एपी जोरात ओरडला म्हणून काय होतं, मोबाईलचा आवाज तेवढाच राहतो, त्याचं उत्तर एपीपर्यंत पोचतच नाही. वरून मोबाईल लांबच्या एपीला चिकटून बसतो, जवळचा मोकळा असला तरी. पॉवर मधली ठेवा, एपी जवळजवळ लावा. दुसरी चूक म्हणजे रुंद चॅनेल. ८० मेगाहर्ट्झ ठेवलं की स्पीडटेस्ट छान दिसते, पण मग शेजारचे एपी एकाच चॅनेलवर येतात आणि पुन्हा एकच माईक. ५ गिगाहर्ट्झवर ४० ठेवा, खूप गर्दी झाली तर २०. २०१८ मध्ये सरकारने ५ गिगाहर्ट्झमधला मोठा पट्टा लायसन्सशिवाय मोकळा केला त्यामुळे जागा आहे, पण मधले चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. तिथे एपीला रडारसारखं काही ऐकू आलं की त्याला चॅनेल सोडावं लागतं, अर्धा तास परत यायचं नाही, आणि तसलंच दुसरं चॅनेल घ्यायचं तर आधी एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं. तुम्ही विमानतळाच्या बाजूला आहात, म्हणून आधी आठवडाभर ते चॅनेल लावून लॉग बघा, रडारच्या नोंदी दिसल्या तर ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ एवढंच ठेवा. त्यात ४० चे चार चॅनेल बसतात, मीटिंग रूमचा सोडला तर मजल्याला चार एपीच आहेत, वरच्या मजल्यावर क्रम फिरवायचा, मधला आरसीसी स्लॅब बराच सिग्नल खातो म्हणून जमून जातं.

२.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ याशिवाय काही ठेवू नका, आणि निम्म्या एपींवर तो रेडिओ बंदच करा. १ आणि २ एमबीपीएसचे जुने रेट बंद करा. वाय-फायची नावं तीनपेक्षा जास्त नकोत, स्टाफ, गेस्ट आणि मशीनं. प्रत्येक नाव सेकंदाला जवळपास दहा वेळा स्वतःची हाक देतं, डिपार्टमेंटगणिक नाव केलं तर हाकांमध्येच हवा भरते.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो पण हलक्यात घेऊ नका. १२० जणांना एकच पासवर्ड दिला तर तो पहिल्याच आठवड्यात चहावाल्याकडे पोचतो, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे तर कायमच राहतो, तो पार्किंगमध्ये उभा राहून आत येऊ शकतो. स्टाफला प्रत्येकाचं वेगळं लॉगिन द्या, रेडियस सर्व्हर, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर, लावून, जमलं तर लॅपटॉपवर सर्टिफिकेट टाकून. माणूस गेला की त्याचं खातं बंद, बाकी कोणाला त्रास नाही. मॅक अॅड्रेस, म्हणजे डिव्हाइसचा ओळख नंबर, बांधून ठेवतो असं कोणी म्हटलं तर नको म्हणा, आजचे मोबाईल स्वतःच वेगळा मॅक दाखवतात. डब्ल्यूपीए ३, म्हणजे वाय-फायची नवी सुरक्षा, चालू करा, जुनी मशीनं वेगळ्या नावावर वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच वायरिंगवर पण वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये. आणि गेस्टवाल्याला प्रिंटर दिसला नाही पाहिजे.

लाइट गेली तर काय, हे पण विचारलं होतं. इथे वाय-फायचा खरा फायदा आहे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, एपीला वीज स्विचमधून जाते, म्हणजे फक्त रॅकला, जिथे स्विच बसतात त्या कपाटाला, यूपीएस द्यायचा की पूर्ण मजला चालू राहतो. मजल्याला चार-पाच एपी साधारण २० वॅटचे आणि आठ कॅमेरे रात्रीच्या लाइटसकट सातेक वॅटचे धरले तर दीडशे वॅटच्या आसपास येतं, १९० वॅट पीओईचा स्विच पुरतो, यूपीएस त्यावरून ठरवा. रॅकच्या खोलीला मात्र रात्रीही हवा पाहिजे, मेमध्ये ऑफिस सुटल्यावर एसी बंद करून जाता तेव्हा ती खोली तापत राहते. मजल्यांमध्ये फायबर टाका, दोन जोड्या. बाहेरच्या लाइनी दोन कंपन्यांच्या घ्या आणि बिल्डिंगमध्ये दोन वेगळ्या बाजूंनी आणा, सिमेंट रोडसाठी खोदकाम सुरू झालं की एका खड्ड्यात दोन्ही गेल्या असं होऊ शकतं.

आता तुमचं फॉल्स सीलिंग अजून बंद झालेलं नाही, ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. या आठवड्यात सिव्हिलवाल्याला थांबवा, प्रत्येक एपीच्या जागेपर्यंत एक इंचाचा कॉन्ड्युट, म्हणजे केबलचा पाइप, टाकून घ्या, इलेक्ट्रिकच्या पाइपपासून वेगळा. टेबलांचे पॉइंट नाही केले तरी टेबलांच्या प्रत्येक बेटापर्यंत, म्हणजे गटापर्यंत, एकेक रिकामा कॉन्ड्युट सोडा आणि आत नायलॉनची दोरी घालून दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवा, उद्या कोणाला वायर लागलीच तर अर्ध्या तासात ओढता येते. सगळं उघडं असतानाच भिंती आणि छताचे फोटो काढा, टेप धरून, म्हणजे मापही फोटोत येतं. आणि केबल टाकणाऱ्याकडून प्रत्येक पॉइंटचा टेस्ट रिपोर्ट घेतल्याशिवाय शेवटचं पेमेंट सोडू नका. नकाशा असेल तर पाठवा, एपीच्या जागा मी खुणा करून देतो.